माय, तुझी ती साक्ष

माय, तुला जाऊन सहा वर्षं झाली आन् मी आज लिहून राह्यले. तू गेलीस आन् भाकरी टाकायला कुणी न्हाई म्हणून सातवीतच शाळा सुटली माझी, तवा अक्षराला नावं ठेवू नको.

तो रविवार मला बराबर आठवतो. वडीगोद्रीच्या पलीकडं पत्र्याच्या शेडात प्रार्थना. पप्पांनी दारू सोडली म्हणून तू साक्ष द्यायला उभी राह्यलीस. "प्रभूनं माझं घर वाचवलं," म्हणलीस. बाया रडल्या, टाळ्या वाजवल्या. देव बदलला म्हणून गल्लीनं किती टोचलं होतं तुला. त्या दिवशी तुझी मान वर होती. आन् खरंच सोडली होती त्यांनी. चार महिने घरात कुणाचा आवाज चढला न्हाई. ते मी खोटं म्हणत न्हाई.

मंग ते परत प्यायला लागले. तुझी साक्ष मातर थांबली न्हाई. प्रार्थना घेणारे पाळक विचारायचे, "कुणाला साक्ष द्यायची हाय?" की तू उठायचीस, मानेवरचे वळ पदरानं झाकून. एकदा तू पीठ मळत होतीस, तवा मी विचारलं, "माय, खोटं कशाला बोलतीस?"

"गप बस. तुझी चुलती टपलीच हाय. म्हणंल, गेल्ती मोठी येशूकडं, काय फरक पडला? देवाचं नाव खराब करू का मी?"

देवाचं नाव, माय. आन् तुझी पाठ कुणाची होती?

पुढं एक दिवस पप्पांनी ढकललं, तू ओट्याच्या कोपऱ्यावर पडलीस. दवाखान्यात बी "पाय घसरला" म्हणलीस. तिसऱ्या दिवशी गेलीस. मातीला सगळी मंडळी आल्ती. पाळकबाईंनी मला पोटाशी धरलं. "एका शब्दानं सांगायचं न्हाई का गं? मागच्या साली मंडळीतल्या एका बहिणीला आम्ही सहा महिने घरात ठेवून घेतलं. नवऱ्याला दारात उभं केलं न्हाई." तवा मला कळलं, तिथं दार होतं. तू टाळ्या घेऊन परत येत राह्यलीस.

आता पप्पा पीत न्हाईत. बिलकुल न्हाई. दर रविवारी तेच साक्ष देतात, रडतात बी. "बायको पाय घसरून गेली, त्या दुःखात प्रभूनं मला धरलं." लोक म्हणतात, बघा देवाची करणी. मी मागं भिंतीला टेकून बसते. वाटतं उठावं, सांगावं. पण बोलले तर ते परत पितील, आन् धाकटा भाऊ आत्ता कुठं नीट झोपायला लागलाय.

ही चिठ्ठी मी कुणाला दाखवणार न्हाई, चुलीतच घालीन. फक्त तुला सांगते. माझा आवाज इतका बारीक, तुला सुद्धा दोनदा बोलल्याबिगर ऐकू येत नव्हता, न्हाई का? मागच्या रविवारी पप्पांची साक्ष झाली, तवा सगळ्यात मोठं 'आमेन' माझं निघालं.