चार नंबरच्या तंबूतलं गिऱ्हाईक

१२ एप्रिल, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.
(एसीच्या जाळ्या धुऊन वाळत घातल्या आहेत. त्या वाळेपर्यंत हे पत्र.)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मामाचे तळ्याकाठचे चारही तंबू पर्यटकांनी भरलेले आहेत आणि राखणदार, वायरमन, हिशेबनीस सगळं मीच. फोनला इथे अजून रेंज नाही. सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या कारखान्यावरूनच जातो, तेव्हा पत्रं त्याच्याकडे देत जाऊ.

मामाने यंदा तंबूंना एसी लावले. आतून जाड फोमचं अस्तर, खाली फळ्यांची जमीन, आणि झाडांपलीकडे पत्र्याच्या खोलीत जनरेटर. खिडक्यांच्या कडा मी स्वतः पट्टी लावून बंद केल्या. मग भर दुपारी आत बसून कुठून कवडसा येतो ते पाहिलं आणि पुन्हा लावल्या. मामा म्हणाला, अरे बाबा, पाणबुडी नाही करायची आपल्याला. पण गार हवा बाहेर गेली की डिझेल जातं, आणि डिझेल गेलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

लोकांचं बोलणं ऐकून मात्र थकायला होतं. जंगलात एसी कशाला हवा, असं संध्याकाळी विचारतात. हा आणखी गार का होत नाही, असं दुपारी विचारतात. माणसं तीच. केस वाळवायचं यंत्र चालेल का, आंघोळीचं पाणी किती वेळ गरम राहतं, हे तर रोजचंच. काल एका गृहस्थांनी रातकिड्यांचं काही करता येईल का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो नाही. पाहतो म्हणालो.

बाबांचा दम कसा आहे? त्यांना इथे ठेवण्याबद्दल मामाला विचारायचं तेवढं राहिलंय. तो परवा आला होता, पण घाईत होता.

लोभ आहेच. थोडा तुझ्या स्वतःच्या प्रकृतीवरही कर.

तुझा,
धाकटा

---

१८ एप्रिल

चि. मुनीम यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाऊण पान जाळ्या आणि पट्ट्या, आणि बापासाठी खाली एक ओळ. अक्षर मात्र नेहमीसारखं मोत्यासारखं. नववीत शाळा सोडलीस तेव्हा मास्तर तुझ्या शुद्धलेखनासाठी हळहळले होते, ते उगाच नाही.

आता इथलं ऐक. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्रभर ते सगळं आमच्यावर सोडतो. संध्याकाळी मी गच्चीवर चार बादल्या ओतते. ते पाणी खालच्या बाईंच्या गॅलरीत गळतं, म्हणून त्या बोलत नाहीत. ओली चादर दाराला लावते, पंखा लावते. पंखा गरम हवा इकडून घेतो आणि तिकडे टाकतो, एवढंच. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून असतात. आडवं झालं की दम लागतो. पाय सुजलेत. बेकरीच्या भट्टीसमोर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, पण मला उकडतंय असं एकदाही म्हणत नाही. हवा जरा पडलीय, असं म्हणतो.

दवाखान्यातले डॉक्टर परवा स्पष्टच म्हणाले की हा उन्हाळा यांना गारव्याच्या जागी काढू द्या, नाहीतर इथे भरती करायची तयारी ठेवा. मी मान हलवली आणि कामावर गेले. काज करायच्या मशीनवर डुलकी लागली. नख वाचलं, शर्टाचा कफ वाया गेला. सुपरवायझर म्हणाला, घरी झोपत नाही का. काय सांगू त्याला?

तू मामाला विचारणार होतास. ही तुझी तिसरी खेप राहून जाण्याची. तो आईचा सख्खा भाऊ आहे, वाघ नाही. आणि तुझा तो एसीबिसीचा थाट नकोच आम्हाला. झाडाखाली एक खाट टाक, मोकळ्या हवेत पडू दे त्यांना. लोक त्यासाठीच पैसे मोजतात ना?

माझा लोभ आहे, राग त्याहून जास्त आहे.

ताई

---

२४ एप्रिल, सकाळचे सव्वाअकरा. जनरेटरचं डिझेल मोजून झालं आणि बसलो.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबर आहे. झाडाखालच्या खाटेचं मात्र मनातून काढ. सावली आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इथे येऊन शिकलो. तळ्यावरून दुपारी येते ती झळ. ज्यांच्या घरी गारवा आहे त्यांना तासभर ती झळ खाऊन मजा वाटते. बाबांना वाटणार नाही.

मामा सोमवारी आला होता. मी विचारायला म्हणून त्याच्यामागे तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा डिझेलबद्दल बोलून परत आलो. त्याचं कारण फाटकावरची पाटी. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मुक्कामाची सोय नाही, असं त्यावर मोठ्या अक्षरात आहे. माझ्या आधीच्या माणसाने अख्ख्या सासुरवाडीला महिनाभर इथे ठेवलं होतं, त्यानंतर मामाने ती रंगवून घेतली. ती पाटी रोज मीच पुसतो. मग तिच्याखाली उभं राहून माझ्या बापाला ठेव, असं कसं म्हणू?

म्हणून मी दुसरा मार्ग काढला आहे. चार नंबरचा तंबू एक ते आठ मे रिकामा होत होता. तो मी बाबांच्या नावावर नोंदवला. व्यवसायाच्या रकान्यात निवृत्त बेकरी कामगार असं लिहिलं. पूर्ण भाडं माझ्या पगारातून आगाऊ भरलं आणि पावती केली. त्यांना मी नातेवाईक म्हणून ठेवत नाहीये. ते गिऱ्हाईक आहेत. यात नियम कुठे मोडला, ते मी दोनदा तपासून पाहिलं. मोडलेला नाही.

एक तारखेला ड्रायव्हर त्यांना पुढच्या सीटवर बसवून आणील. औषधं, जाड मोजे आणि एक स्वेटर दे. मामाला यातलं काही ठाऊक नाही. तुला भेटला तर काही बोलू नकोस.

लोभ कमी झाला असेल तर वाढवावा.

धाकटा

---

३ मे

चि. मुनीम यास,
आशीर्वाद आहेत, पण हसू आवरत नाही.

मामाच्या तंबूत स्वतःच्या बापाला भाड्याने ठेवणारा तूच. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, आणि सुचलं तरी त्याने पावती फाडली नसती.

बाबा पोचले असतील. निघताना इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. मे महिन्यात स्वेटर पाहून खालच्या बाईंनी बोलणं सोडलंय हे विसरून मला विचारलं की यांना नेताय कुठे. मी म्हणाले, सहलीला. तो शब्द आमच्या जिन्यात पहिल्यांदाच ऐकू आला असेल.

त्यांना सकाळी तळ्यावर ने. संध्याकाळी बाहेर बसव, आकाश दाखव. भट्टीवर पहाटे जायचे आणि दमून यायचे, त्या माणसाने वर कधी बघितलं असेल? मी त्यांना ताऱ्यांचं फार रंगवून सांगितलंय, तेव्हा मला तोंडघशी पाडू नकोस.

ते गेले त्या रात्री मी सलग झोपले. सकाळी भोंगा झाला तरी जाग नाही. अर्ध्या दिवसाचा पगार कापला. मला वाईट वाटायला हवं होतं.

लोभ वाढला आहे. उतू जाऊ देऊ नकोस.

ताई

---

५ मे, दुपारचे तीन. बाबांच्या तंबूबाहेरच्या पायरीवर बसून.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला तोंडघशी पाडावं लागणार. बाबा बाहेर येत नाहीत.

आले त्या दिवशी मी एसी लावला, चादर घातली आणि पाणी आणायला गेलो. परत आलो तर ते झोपलेले. आडवे, ताई, उशीवर पाठ टेकून. संध्याकाळी उठवलं, जेवले, पुन्हा झोपले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तळ्यावर चला. म्हणाले, पाणी कुठे पळून जात नाही. रात्री म्हटलं, तारे बघा. दार किलकिलं करून पाहिलं, छान आहेत म्हणाले, आणि गार हवा जातेय म्हणून दार लावलं. मग स्वेटर घालून पांघरुणात शिरले. थंडी वाजतेय, हे मला दोनदा सांगितलं. इतक्या कौतुकाने सांगितलं की मी कमी करू का म्हटल्यावर रागावले. पायांची सूज उतरतेय.

मला आधी वाईट वाटलं. एवढी झाडं, एवढं पाणी, आणि माणूस बंद तंबूत. काल मी ते बोलून दाखवलं. तर म्हणाले, भट्टीपुढे आणि जिन्यावर जन्म गेला रे माझा, आता जरा आत राहू दे.

आता काल संध्याकाळचं. बाकीचे तीन तंबू दातांच्या एका डॉक्टरांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी घेतले आहेत. माणसं चांगली. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की दहानंतर जनरेटर बंद ठेवा. घरी सगळ्या खोल्यांत हीच घरघर आहे, तिलाच कंटाळून इथे आलो, आम्हाला एसी नकोच. जनरेटर एक आणि चावी एक. तीन तंबू एकीकडे, एक दुसरीकडे. मी हो म्हणालो, ताई. मला नाही म्हणता येत नाही हे तुला माहीत आहे.

बाबांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वेटर काढून घडी घातली. म्हणाले, हरकत नाही, मी दाराशी बसेन. जिन्यावर बसतात ना, तसे बसायला त्यांनी खुर्ची दाराकडे ओढलीसुद्धा.

तेवढ्यात मामा आला. हिशेब बघायला आला होता. दारात बाबांना पाहून थबकला. मला म्हणाला, हे कधी आले? मी पावती पुढे केली. त्याने ती वाचली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाला की बापाला गिऱ्हाईक केलंस, मग मला काय केलंस? एकदा विचारायला जीभ झडत होती का? मी विचारलं की विचारलं असतं तर हो म्हणाला असतास का. त्याने पावती घडी करून मला परत दिली. मग म्हणाला, बहुतेक नसतोच म्हणालो. भर सीझनमध्ये फुकट तंबू देणं मला जमलं नसतं. आणि मग तुझ्या आईच्या फोटोकडे बघायची चोरी झाली असती.

मी त्याला जनरेटरचं सांगितलं. तो तसाच डॉक्टरांकडे गेला. त्यांना म्हणाला की चार तंबूंचे पैसे आलेत, एकाला जरी मशीन हवं असेल तरी मला बंद करता येत नाही, कबूल केलंय. मग परत येऊन बाबांसमोर उभा राहिला आणि विचारलं, मशीन चालू हवं की बंद. बाबा म्हणाले, छे छे, माझ्यासाठी कशाला. मामा म्हणाला, मी भाऊजींना विचारत नाहीये, चार नंबरच्या गिऱ्हाइकाला विचारतोय, त्याने पैसे भरलेत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं. त्याची घडी उलगडत म्हणाले, तर मग चालू राहू द्या.

डॉक्टर मंडळींनी चटया उचलल्या आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन झोपली, जिथे घरघर पोचत नाही. सकाळी तोंडावर डास चावल्याच्या गाठी घेऊन आली, फार खुशीत. बाबा साडेनऊपर्यंत उठले नाहीत.

पण आठ तारीख तोंडावर आली आहे. त्यांना परत त्या स्लॅबखाली पाठवायचं, हा विचार करून मला काही सुचत नाही. तूच सांग.

लोभ असू दे, मी काही चांगलं केलं नसलं तरी.

धाकटा

---

६ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

गाडी थांबली आहे, म्हणून थोडक्यात. तारे राहू देत. मी फुकट आग्रह केला.

मी थकले आहे रे. बाबा परत आले तर मी पुन्हा बादल्या ओतीन, त्यात कुरकुर नाही. पण तूच सांग म्हणून मला विचारू नकोस. हा प्रश्न मामाला विचारायचा आहे. नोंदवून नव्हे, पावती फाडून नव्हे. समोर उभं राहून, तोंडाने. नाही म्हणाला तर म्हणू दे.

लोभ आहे, बाकी काही शिल्लक नाही.

ताई

---

८ मे, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. ड्रायव्हर चहा पितोय, गाडीत बाबा नाहीत.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. काल मामा जनरेटरपाशी होता. आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मला ओरडून दुसऱ्यांदा विचारावं लागलं. बाबांना पाऊस लागेपर्यंत इथे ठेव, असं. माझा आवाज डॉक्टरांच्या तंबूपर्यंत गेला असणार, कारण तिन्ही तंबूंतून माना बाहेर आल्या.

मामा फुकट म्हणाला नाही. पाटी आहे ती आहे, म्हणाला, पण अर्ध्या दराने ठेव, पैसे पगारातून सावकाश कापीन. पहिल्या आठ दिवसांचं भाडं मात्र त्याने पूर्ण ठेवून घेतलं. परत मागायचं मलाही सुचलं नाही. नंतर तो बाबांच्या तंबूत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. तासाभराने पाहिलं तर दोघेही झोपलेले.

तू शनिवारी संध्याकाळी गाडीने ये, सोमवारी पहाटे परत जा. दुसरी खाट टाकली आहे. बाहेर बसायचं की आत, ते तुझं तू ठरव.

लोभ आहे, पुढेही लागेल.

धाकटा

खर्च: भाडे, पहिले आठ दिवस, पूर्ण दराने . . . ६,४००
बाबांचं औषध . . . ३१०
ड्रायव्हरला, तुझ्या येण्याजाण्याचे, आगाऊ . . . २६०
हाती शिल्लक . . . ८५
मामाला देणे, तूर्त पुढचे वीस दिवस, अर्ध्या दराने . . . ८,०००
मामाकडे मागितले . . . एकदा (ऐकू गेलं ते)