बारीक पिस्तूल

वेस्टओव्हर, ओक्लाहोमा
४ सप्टेंबर २०१८

ती. हॉलिसमामास,
लिओटाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच बनवतोस, हे मामीने सांगून ठेवलंय, म्हणून मुकाट्याने कागद-पेन घेतलं. चाळीस वर्षं कानाशी बंदुका उडवल्यावर दुसरं काय होणार.

मी बरी आहे. ग्रेडीला जाऊन, मी विधवा होऊन, पाच महिने झाले. धान्याच्या कोठारावर काटा सांभाळायचं काम चालू आहे. ट्रक येतात, मी वजन घेते, पावती फाडते. मालक पाचला घरी जातो आणि सहापर्यंत मी एकटीच असते. हल्ली तेलविहिरींवर कामाला आलेले बरेच अनोळखी लोक या रस्त्याने जातात. तेव्हा एखादं पिस्तूल जवळ ठेवावं म्हणते. ग्रेडीची पक्ष्यांची बंदूक कपाटात आहे, पण ती काही खांद्यावर टाकून कामावर नेता येत नाही. शर्टाखाली दिसणार नाही असं बारीकसं काही सुचव. तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतं?

आणि हो, लहानपणी तू दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने मी चर्चच्या छपरावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा फोडला होता, ते या वेळी पत्रात काढू नकोस. पुरे झालं.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी भाची,
लिओटा


हार्लन क्रीक, ओक्लाहोमा
८ सप्टेंबर २०१८

चि. लिओटास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका आनंद झाला की मामीने विचारलं, लॉटरी लागली का. बंदुकांचं दुकान सोडून सहा वर्षं झाली. आता मला कोणी काही विचारत नाही. डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय, तेव्हा अक्षर वाकडं असेल, पण सल्ला सरळ आहे.

पहिली गोष्ट. बाई काउंटरवर आली रे आली की दुकानदार तिच्या हातात सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं पिस्तूल ठेवतो. आमच्या धंद्याची ही जुनी खोड. मीही सुरुवातीला तेच करत होतो. पण हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त बसतो. नाजूक वासरूच जास्त उधळतं, तसं. शिवाय त्याची स्प्रिंग कडक, त्यामुळे वरचा भाग मागे ओढताना बोटं सोलून निघतात. मग बाई एकदा उडवते, हात चोळते आणि ते पिस्तूल जन्मभर मोज्यांच्या खणात पडून राहतं.

तेव्हा बारीक घे, पण फार चिमुकलं नको. जाडी इंचभर असली म्हणजे पुष्कळ. शर्टाखाली फुगते ती जाडी आणि मूठ, नळीची लांबी नाही. मूठ तीन बोटं नीट बसतील एवढी हवी. करंगळी लोंबकळत राहिली तर ते परत ठेव. काडतूस नऊ मिलिमीटरचं. कामावर घालतेस तोच शर्ट घालून जा. कमरेला लाव, खुर्चीत बस, वाकून बुटाची नाडी बांध. टोचलं तर तू ते चार दिवसांत घरी ठेवशील. आणि पिस्तुलाचं म्यान, होल्स्टर, असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल. त्याशिवाय पिस्तूल खिशात घालणारा माणूस मूर्ख, मग तो माझा सख्खा का असेना.

तुमच्या गावात बंदुकांचं दुकान चालवणारा एमेट माझा जुना दोस्त. त्याला निरोप पाठवलाय, तीन वेगवेगळी पिस्तुलं बाजूला काढून ठेव म्हणून. त्याच्या मागच्या मैदानावर प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या उडवून बघ आणि कोणतं हाताला पटलं ते मला सविस्तर लिही.

पत्र्याच्या कोंबड्याचं नाव मी काढलं नाही, हे लक्षात ठेव.

मामीचे आशीर्वाद. लोभ तर जन्मापासून आहे, त्यात खंड नको.
हॉलिसमामा


वेस्टओव्हर
११ सप्टेंबर २०१८

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. किती मनापासून लिहिलंस. एमेटकडे जाऊन आले. तिन्ही चांगली आहेत, त्यातलं सगळ्यात बारीक सांगून ठेवलंय. उडवून बघायला वेळ झाला नाही, आणि तशी गरजही वाटत नाही. होल्स्टरचं नंतर बघू. काडतुसांची एक डबी पुरे. शनिवारी दुपारी जाऊन घेऊन येईन.

आमची कुत्री पीच पलीकडच्या बेकर कुटुंबाकडे दिली. त्यांची मुलं तिच्याशी खेळतात, मला तिला फिरवायला होत नाही. आजीने शिवलेली तार्‍यांची गोधडी मामीसाठी वेगळी पाठवते आहे. ती तिच्याकडेच शोभेल.

मामा, आई गेल्यावर तू आणि मामीने मला आपल्या घरात घेतलंत, शाळेचे डबे दिलेत, माझ्या लग्नात तू त्या अरुंद बुटांत लंगडत मला वेदीपाशी घेऊन गेलास. त्याबद्दल नीट आभार कधी मानलेच नाहीत. ते राहून जायला नको, म्हणून आज मानते. तुम्ही माझं फार केलंत.

दोघांनी एकमेकांना जपा.
लिओटा


हार्लन क्रीक
१४ सप्टेंबर २०१८, सकाळ

चि. लिओटा,

हे पत्र टपालाने येत नाही. मामी ते हातात घेऊन तुझ्या दारात उभी आहे. पाच तास गाडी चालवून आली आहे, आधी तिला आत घे, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आज आलं. मी वाचलं आणि चिडलो, की एवढं समजावलं तरी पोरीने चिमुकलंच घेतलं. मामीला म्हटलं, बघ, उडवूनसुद्धा बघितलं नाही. मामीने पत्र माझ्या हातातून घेतलं, एकदा वाचलं, आणि बॅग भरायला लागली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, कुत्री देऊन टाकली, गोधडी देऊन टाकली, आभार मानून झाले, आणि तुला स्प्रिंगची पडलीय. मग मी पत्र पुन्हा वाचलं. आणि हे लिहायला बसलो.

काउंटरवर माझा एक नियम होता. कोणीही अनोळखी माणूस पहिलं पिस्तूल घ्यायला आला की कागद पुढे करण्याआधी मी विचारायचो, आत्ताच का? लोकांना तो चौकसपणा वाटायचा. बहुतेक जण भराभर सांगायचे: घरफोडी झाली, रात्रपाळी लागली, नवरा बाहेरगावी असतो. ज्याला सांगता यायचं नाही, जो सरावाचं नाव काढायचा नाही, ज्याला एकच डबी हवी असायची, त्याला मी खुर्ची द्यायचो आणि पिस्तूल त्या दिवशी द्यायचो नाही. चाळीस वर्षं परक्यांना हे विचारलं आणि तुला विचारलं नाही. आपली लिओटा, तिला काय विचारायचं. कोणीतरी आपल्याला धंद्यातलं विचारतंय याच कौतुकात मी चार पानं लिहीत बसलो. ही चूक माझी आहे.

आता विचारतो, आणि आडवळणाने नाही. तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का?

नसेल तर मला खुशाल म्हातारा खुळा म्हण, वर्षभर हस. असेल तर मामीला तसं सांग. ती रागावणार नाही. तुला काही समजावत बसणारही नाही, तिला ते जमत नाही. एमेटला मामीने फोन केलाय. तुझ्यासाठी ठेवलेलं पिस्तूल तो तुला देणार नाही, त्यावर रुसायचं असेल तर माझ्यावर रुस. मी स्वतः येणार होतो, पण या डोळ्याने गाडी चालवता येत नाही. आणि मला तू गोड बोलून परत पाठवलं असतंस. तिला पाठवून दाखव.

पोरी, तू आम्हाला हवी आहेस. दुसरं काही लिहायचं नाही.
तुझा,
मामा


वेस्टओव्हर
१६ सप्टेंबर २०१८

प्रिय हॉलिस,

तुला फोन करून उपयोग नाही आणि शेजारच्या वॉल्टरमार्फत हे सांगायची माझी इच्छा नाही, म्हणून लिहिते.

तिने दार उघडलं, तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि हो म्हणाली. मग जमिनीवर बसली. मीही बसले. माझे गुडघे अजून दुखताहेत, पण ते जाऊ दे. ती म्हणाली, रोज सहा वाजता कुलूप लावून घरी यायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही, हेच तिला सहन होईना. ग्रेडी दिवसभरातला एकेक ट्रक तिच्याकडून ऐकून घ्यायचा म्हणे. मला हे कधी माहीतच नव्हतं.

एमेट काल येऊन ग्रेडीची बंदूक आपल्या तिजोरीत घेऊन गेला. जाताना त्याने टोपी काढली. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची आहे, मी बरोबर जाणार आहे. बेकरांनी कुत्री परत आणून दिली. पोरं थोडी रडली, त्यांना वाटेल तेव्हा येऊन खेळा म्हणून सांगितलंय.

मी इथे किती दिवस राहीन ते ठाऊक नाही. कोंबड्यांना दाणे घाल. फ्रीजरमध्ये बीन्सचं सूप आहे, पाच डबे. ते संपेपर्यंत डोळ्यात थेंब घालायला विसरू नकोस आणि संपल्यावरही. तू पत्रात फार लिहितोस, असं मी नेहमी म्हणते. या वेळचं बरोबर होतं.

तुझी,
नोरीन


वेस्टओव्हर
२८ मे २०१९

ती. मामा आणि मामीस,
लिओटाचा मनापासून नमस्कार.

मामी इथून गेल्यापासून तिला रविवारी फोन होतो, पण तुला मात्र पत्रच लागतं. तेव्हा हे घे, सविस्तर.

तब्येत ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, मंगळवारी गावातल्या चर्चच्या तळघरात आम्ही नवरा-बायको गमावलेले आठ जण भेटतो. कॉफी अगदी भिकार असते. काही दिवस अजून वाईट जातात. त्या दिवशी मी एमेटला किंवा मामीला सांगते, एवढं आता जमतं. ग्रेडीची बंदूक एमेटकडेच आहे आणि ती मागायची मला आठवणही होत नाही.

एमेटच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून मार्चपासून शनिवारी मी त्याच्या दुकानात बसते. आधी मामीला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, एमेटच्या बायकोलाही विचारलं. पिस्तुलांच्या कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात. मी लोकांशी बोलते, तो कपाट उघडतो. पहिल्या महिन्यात ट्रीना नावाची नर्स आली. वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी, घर अठरा मैल लांब. तिला नेमकं ते सगळ्यात बारीक पिस्तूल हवं होतं. मी तिला तुझी सगळी पोथी ऐकवली. कामाचा गणवेश घालून ये म्हटलं, बसवलं, वाकवलं, मैदानावर नेलं. पहिल्यानेच तिचा हात झिणझिणला आणि तिने तुझ्या भाचीला न शोभणारी शिवी दिली. शेवटी थोडं जाड, भरल्या मुठीचं घेतलं. दर पंधरा दिवसांनी सरावाला येते. मला गंमत वाटली, की चाळीस वर्षांचं तुझं डोकं मी फुकटात वापरते आहे.

गेल्या शनिवारी साठीपलीकडचा एक गृहस्थ आला. नाव लँडिस. शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, बोलायला नम्र. शर्टाखाली दिसणार नाही असं बारीकसं दाखवा म्हणाला. एमेटने एक पुढे ठेवलं. त्याने नीट बघितलंही नाही, हेच द्या म्हणाला. होल्स्टर नको. काडतुसांची एक डबी.

मी त्याला विचारलं, आत्ताच का?

त्याने काडतुसांची डबी काउंटरवर सरळ करून ठेवली. एमेटने पिस्तूल उचलून परत कपाटात ठेवलं. मी दोन खुर्च्या ओढल्या. बसल्यावर लँडिसने विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही, मागच्या सप्टेंबरात याच काउंटरवर मीही हेच मागितलं होतं. मग त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि मुलीचं नाव सांगितलं, कारण त्याला आकडे दिसत नव्हते. ती चाळीस मैलांवरून येईपर्यंत आम्ही बसून होतो. बसमधल्या मुलांची नावं तो सांगत होता, एकेका वर्षाची, आणि मी ऐकत होते.

तो तिच्या गाडीत बसून घरी गेला, मामा. मी तिथे होते म्हणून गेला. आणि मी होते ती तुम्हा दोघांमुळे. मागे आभार मानले होते ते निरोप घ्यायला मानले होते, ते परत घेते. हे खरे.

जुलैत चार दिवस तुमच्याकडे यायचं म्हणते. पीचही येईल.
माझ्यावरची माया अशीच चालू ठेवा, मला ती पुष्कळ वर्षं लागणार आहे.

तुमची,
लिओटा