चौकटीतला पांढरा एप्रन

प्रिय बुटके,

तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस त्याला आता वीस वर्षं होतील, पण मी हाक बदललेली नाही आणि बदलणारही नाही. थोरलेपणाचा तेवढाच एक हक्क माझ्याकडे उरलाय. हे पत्र आमच्या पंखेवाल्याच्या हाती देतेय. उपकरणांच्या प्रदर्शनासाठी तो सोमवारी तुझ्या शहरात येतोय. फोनवर लिहिलं असतं तर अर्धं वाचून तू लगेच फोन लावला असतास, आणि बोलण्यात मी तुझ्यापुढे कधी टिकलेय? परवा तू विचारलंस, ताई, आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? त्याचंच उत्तर द्यायला बसलेय. पण तुला माहीत आहे, एखादी गोष्ट सुटी करून टेबलावर मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही, तेव्हा जरा दमानं घे.

आमच्या प्रयोगशाळेबद्दल तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आधी ते सांगते. दुकानात येणाऱ्या वस्तू आम्ही तपासतो हे तुला ठाऊक आहे. मी दिवसभर फ्रिजचं दार उघडते आणि लावते, पंखेवाला पंखे फिरवत ठेवतो, इस्त्रीवाली बाई एकच चादर शंभरदा इस्त्री करते. तपासणीआधी प्रत्येक वस्तूवरचं कंपनीचं नाव खाकी चिकटपट्टीनं झाकतात. नाव दिसलं की माणसाचा हात नकळत हलका नाहीतर जड पडतो, म्हणून. आणि दर शुक्रवारी चारच्या चहाला आमचं भांडण असतं. एकानं गाजलेली एखादी वस्तू टेबलावर ठेवायची, आणि बाकीच्यांनी ठरवायचं, ही खरंच वस्तू आहे की नुसता फुगा. निकाल जुन्या बंद फ्रिजच्या दारावर खडूनं लिहायचा. दात घासायच्या ब्रशला फोन जोडून देणारे, चारशे रुपयांची पाण्याची बाटली चार हजारांना विकणारे, सगळे त्या दारावर आहेत. बटाटे सोलायची साधी सोलणी मात्र एकमतानं वस्तू ठरली. या खेळाचे नियम दोनच. तीन आठवडे स्वतः वापरल्याशिवाय बोलायचं नाही, आणि भेट आलेली वस्तू टेबलावर आणायची नाही. दुसरा नियम इस्त्रीवाल्या बाईंचा. त्या म्हणतात, भेटीतून देणाऱ्याचं नाव काही केल्या झाकता येत नाही.

तू जाहिराती लिहितेस. ज्या वस्तूंचं तू तोंडभर कौतुक करतेस, त्यांचे स्क्रू मी काढते. यावरून आपण किती वर्षं एकमेकींना चिडवतोय! पण तू आईला पाठवतेस त्या भेटवस्तूंवर मी जे बोलत आले, ते सगळं चिडवणं नव्हतं. तुझा तो आपोआप फिरणारा गोल झाडू पलंगाखाली जाऊन अडकायचा आणि आईला खाली वाकून त्याची सुटका करावी लागायची. हवेवर तळणारं यंत्र म्हणजे छोट्या ओव्हनला जोरकस पंखा, नाव तेवढं नवं. पावलं मोजणारं घड्याळ घालून आई खुर्चीत बसून अंडी फेटत होती, तर तीनशे पावलं चालल्याबद्दल त्यानं तिचं अभिनंदन केलं. मी बरोबरच बोलत होते ग. पण बरोबर बोलून मला काय मिळायचं? आई तो गोल झाडू पुसून ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, धाकटीनं पाठवलाय. त्याच घरात रोज सकाळी साधा झाडू मी मारते. ते कुणाला सांगण्यासारखं नसतं, हे मलाही कळतं, तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच.

तुला तो टेबलावरचा दिवा आठवतो का, हिरव्या टोपीचा? मी अकरा वर्षांची होते. आईचा शिवणाचा दिवा बंद पडला होता आणि मी दुपारभर बसून त्याची वायर सोलली, जोडली, बोटाला चटकाही खाल्ला. दिवा लागला. मी अजून स्क्रू आवळतेय तोवर तू धावत स्वयंपाकघरात गेलीस, आई, दिवा लागला, दिवा लागला! आईनं तुला उचलून घेतलं, तुझे पापे घेतले. मी मागून पक्कड घेऊन आले तेव्हा म्हणाली, जपून ग, विजेशी खेळू नये. तू काही लबाडी केली नव्हतीस, सात वर्षांची तर होतीस. पण तेव्हापासून आपल्या घरात असंच चालत आलंय. काम माझं आणि बातमी तुझी. आईला बातमी आवडते.

चार महिन्यांपूर्वी तू ती फोटोफ्रेम पाठवलीस. तू तिकडून फोटो टाकायचा आणि तो इकडे शेल्फवर उजळायचा. जोडणी अर्थातच मी केली, माझ्याच फोनवरून, त्यामुळे तुझा प्रत्येक फोटो आधी मला विचारायचा, लावू का? पहिले दोन महिने मी मुकाट्यानं हो म्हणत गेले. तू गच्चीत, तू नव्या ऑफिसात, तू लाल कोटात, तू कुणाच्या तरी कुत्र्याला कुरवाळताना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस आवाजावरून ओळखणारी आपली आई खुर्ची ओढून त्या उजेडासमोर बसायला लागली. माझी बसायची जागा तिच्या पाठीमागे, जेवणाच्या टेबलाशी. मी कामावरून आले की ती मान न वळवता विचारायची, आलीस का? आणि लगेच, बघ ग, आज काय पाठवलंय तिनं. मी सांगायची, लाल कोट, कुत्रं. आंधळ्या सासूला आपल्याच सवतीच्या साड्यांचं वर्णन करून सांगावं, तसं वाटायचं मला. हसू नकोस. खरंच तसं वाटायचं.

मग मी तपासणी सुरू केली. दुसरं येतं काय मला? शनिवार-रविवारी पाच ते सात मागे बसून वहीत रेघा मारायची, आईनं किती वेळा फ्रेमकडे पाहिलं. तुझ्या फोटोंना एका संध्याकाळी एक्केचाळीस वेळा. मग ठरवलं, आता नाव झाकून बघू. तुझे नवे फोटो आले की ‘नको’ दाबायला लागले. जुने होते ते काढले, सत्तेचाळीस. त्यांच्या जागी माझे घातले. माझे म्हणजे प्रयोगशाळेतले, नोंदीसाठी काढतात ते. मी आणि फ्रिज. मी, फ्रिज आणि तापमापक. मळका पांढरा एप्रन, डोक्याला जाळी. पुढच्या शनिवारी मोजलं तर त्रेचाळीस. मला केवढा आनंद झाला सांगू! म्हणजे आई तुझ्याकडे बघत नव्हतीच, ती नुसत्या उजेडाकडे बघत होती. शुक्रवारी मी ती फ्रेम टेबलावर ठेवली, भेट आलीय हे सांगितलं नाही, आकडे वाचून दाखवले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दारावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, फुगा. इस्त्रीवाल्या बाईंनी तेवढं विचारलं, तुला कुणी पाठवलीय? मी म्हटलं, विकत घेतली.

त्याच संध्याकाळी फ्रेम परत शेल्फवर लावली. आई तिच्या जागेवर बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘किती दमलेली दिसते ग ही. खांदे बघ कसे पडलेत. तिला म्हणावं, पुरे झालं, घरी ये.’ मी विचारलं, कोण? तर म्हणे, कोण काय, धाकटी. चौकटीत मी होते, फ्रिजच्या दारावर हात ठेवलेली. सुरकुत्या, चेहरा, काही तिला दिसत नव्हतं, पण खांदे दिसले. आणि ते तिनं तुझ्या नावावर केले. बुटके, तुझी लाल कोटातली सगळी चित्रं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. मला इतका मत्सर उभ्या आयुष्यात वाटला नव्हता. माझा थकवासुद्धा तुलाच? त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट आणखी दहा फोटो चढवले, तिनं काय घातलंय विचारलं की सांगितलं, मळका पांढरा कोट, डोक्याला जाळी, आणि रोज तिच्या मागे बसून ऐकत राहिले, आज ही जेवली नसावी, आज हिचा हात दुखतोय. ते माझ्याबद्दल होतं आणि मला ते हवं होतं, तुझ्या नावानं का होईना.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त तुझ्या बाजूनं. रविवारी तू फोन केलास आणि आई म्हणाली, तुझा पांढरा कोट फार मळलाय, धुवायला टाक. तू हसलीस, आई, माझ्याकडे पांढरा कोटच नाही. ती म्हणाली, अग तो नाही का, डोक्याला जाळी लावतेस त्यावरचा. तुझं हसू थांबलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. मग तू फोटोत पाठवलेल्या गच्चीतल्या नव्या झाडांचं विचारलंस, तर म्हणाली, कसली झाडं? त्या दिवशी तू मला विचारलंस, आई विसरायला लागलीय का, आणि दोन दिवसांत डोक्याच्या डॉक्टरांची वेळही घेऊन टाकलीस. पुढच्या बुधवारची, डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी. तिला कायमची तुझ्याकडे न्यायचं म्हणालीस. तुझं काही चुकलं नाही. पण त्या रविवारपासून इथे काय चाललंय ते तुला दिसलं नाही. आई दिवसातून तीनदा वार विचारते, आणि उत्तर मिळायच्या आत स्वतःच सांगते, म्हणजे बरोबर आहे का ते कळावं. कुणीतरी तिला सांगितलंय की डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. दुपारी खुर्चीत बसून ती पुटपुटत असते, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी दोनदा शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही चुकली नाही. तुझा फोन आला की म्हणते, तूच बोल, माझ्या तोंडून काहीतरी भलतंच जायचं. फ्रेमसमोरची खुर्चीही तिनं भिंतीकडे सरकवलीय.

आज सकाळी चहा ठेवला आणि तिला सगळं सांगितलं, रेघांच्या वहीसकट. ती चिडली, चांगलीच चिडली. म्हणाली, मला वेडी ठरवलंस, पोटच्या पोरीनं! कप बशीत आपटला, तोंड फिरवून बसली, दुसरा चहा केला तो तसाच गार होऊ दिला. मी भांडी घासायला उठले. तेव्हा पाठमोरीच म्हणाली, म्हणजे ती दमलेली तू होतीस? मी हो म्हटलं. मग तिनं खुर्ची फिरवली, फ्रेमकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, पुरे झालं, भांडी राहू दे, इथे ये. तर बुटके, आईचं डोकं ठणठणीत आहे, बिघडलं होतं ते माझं. ती बुधवारची वेळ रद्द कर, आणि हे वाचून फोन करशील तेव्हा आधी तिच्याशी बोल, मला शिव्या नंतर घाल, मी फोनजवळच असेन. शुक्रवारी सकाळी तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघेल. तोवर ते सत्तेचाळीस फोटो पुन्हा पाठव, लाल कोटाचा सगळ्यात आधी. मी प्रत्येकाला हो म्हणेन. दारावरचा निकाल शुक्रवारी सगळ्यांसमोर पुसणार आहे आणि का ते इस्त्रीवाल्या बाईंना सांगणार आहे. फक्त एक मागते. एप्रनातला माझा एक फोटो तिथे राहू दे, तुझ्यात मिसळलेला. या वेळी तो कुणाचा आहे ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलेलं मला बघायचंय, आणि बघताना मी तिच्या मागे बसणार नाही.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
ताई