तू विसंबलास कुणावर

नवीन पनवेल
१० फेब्रुवारी

प्रिय कुंदन,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. गेले दहा महिने तू देवावर विसंबून राहिलेला नाहीस. माझ्यावर विसंबून राहिला आहेस. पस्तीस वर्षं मी मुलांना तर्कशास्त्र शिकवलं आणि निष्कर्ष आधी सांगून मागाहून पुरावा गोळा करणाऱ्याकडे नेहमी संशयाने पाहिलं. आज मी स्वतः तेच करते आहे, कारण तू हे पत्र शेवटपर्यंत वाचशील याची मला खात्री नाही. निदान पहिलं विधान तरी तुझ्यापर्यंत पोहोचावं.

आधी वस्तुस्थिती. आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला आहे. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी वीस तारखेला ठरवली आहे. आणखी लांबवली तर डोळ्यातला दाब वाढून आहे तेही जाईल, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. आणि आई नाही म्हणते आहे. तिचं म्हणणं एवढंच, "आधी कुंदन येऊ दे. पट्टी सुटली की पहिलं त्याचं तोंड बघायचंय मला." शहाऐंशी वर्षांच्या बाईला मी उचलून नेऊ शकत नाही. म्हणजे तिची नजर आज तुझ्या येण्यावर अडली आहे. फोनवर हे मी तुला सांगितलं नाही. स्वतःच्या भावाकडे आईच्या डोळ्यांसाठी पदर पसरायची मला लाज वाटली. मी फक्त "ये" म्हटलं. तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा तू आधी विचारलंस, "आई स्वतःहून काही म्हणाली का?" मी म्हटलं, "आईने काय अर्ज करायचा तुझ्याकडे?" मग तू म्हणालास, "ताई, मी प्रार्थना करतोय. प्रभू मार्ग दाखवील." कुंदन, नाशिकहून पनवेलला येण्याचा मार्ग प्रभूने कधीच दाखवून ठेवला आहे. त्यावरून एसटी धावते.

आता तुझ्या मननांविषयी. रोज पहाटे साडेपाचला ती आपल्या इथल्या चर्चच्या मंडळीतल्या चारशे लोकांच्या फोनवर उतरतात. वर शास्त्रभाग, मध्ये तुझं चिंतन, शेवटी चार ओळींची प्रार्थना. तुझी भाषा चांगली आहे, हे मला नाकारता येत नाही. एके काळी मी ती आईला रोज वाचून दाखवत असे. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती ऐकायची आणि शेवटी "आमेन" इतक्या ठसक्यात म्हणायची, की शेजारची फहमिदा भिंतीपलीकडून "आमीन" म्हणून साथ द्यायची.

ऑगस्टमध्ये तू आईवरच मनन लिहिलंस. रानात भटकणाऱ्या लोकांना देव रोजच्या रोज आकाशातून अन्न देतो, त्या मान्न्याचा भाग होता. तू लिहिलंस, की तुझी आंधळी आई उद्याची चिंता करत नाही. दिवसाचा दिवस देवाच्या हातून घेते. त्या दिवशी देवाचा तो हात कुणाचा होता, ते ऐक. सकाळी सहाला ती न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळली. मी तिला धरलं, माझा खांदा दाराच्या कडीवर आपटला, आणि तो महिनाभर वर उचलता येत नव्हता. तिला पुसून, लुगडं बदलून, खुर्चीत बसवून मी फोन उघडला, तर त्यात तुझा मान्ना. जो खरोखर देवावर विसंबतो, तो आपल्या वाटणीचं करतो आणि उरलेलं देवावर सोपवतो. तू आपल्या वाटणीचंच त्याच्यावर सोपवलंस, आणि त्याने ते माझ्या पत्त्यावर पाठवून दिलं. त्या दिवसापासून मी तुझी मननं उघडणं बंद केलं.

दुसरा पुरावा. तू शेवटचा आलास तो एप्रिलमध्ये, ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी. मी चर्चमध्ये पंगतीचं बघत होते. घरी आले तोवर तू निघूनही गेला होतास. दोन तास तुला जड झाले. त्या संध्याकाळी आई "जगन येऊन गेला" म्हणत बसली. आपला भाऊ जगन काविळीने जाऊन तीस वर्षं झाली, आलेला कुंदन होता, हे मी तिला समजावून सांगितलं. मी ते वयाचं मानलं आणि पुढे गेले. तेव्हापासून तू तिच्याशी फोनवरही बोललेला नाहीस. मी फोन तिच्या हातात देऊ लागले, की तू म्हणतोस, "राहू दे, झोपली असेल." भर दुपारी बाराला. आईशी बोलायचं टाळणाऱ्या मुलाला निष्ठुर सोडून दुसरा शब्द आहे का, तो मी शोधला. सापडला नाही.

आता इथे डोक्यावरून विमानं जातात. आवाज आला की आई खिडकीकडे तोंड वळवते आणि विचारते, "कुंदन असेल का गं?" फहमिदा परवा तिच्यासाठी शिरखुर्मा घेऊन आली होती, तिने हे ऐकलं. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ रोज पहाटे फजरला अख्ख्या पनवेलला उठवतो. अम्मीला उठवायला कधी येणार?" पस्तीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने मला इतका नेमका प्रश्न विचारला नाही. त्याच संतापात हे पत्र लिहायला घेतलं.

इथवर काल लिहून झालं. पुरावा तारखेनिशी द्यावा, म्हणून आज सकाळी तुझी न उघडलेली सगळी मननं वाचायला बसले. तुझी वाक्यं तुझ्याचविरुद्ध लावायची, असा बेत होता. सतरा सप्टेंबरपाशी थांबले.

बायबलमधला म्हातारा इसहाक, दिसेनासं झालेला, हात चाचपून एका मुलाला दुसरा समजतो आणि आशीर्वाद देऊन बसतो, तो भाग. खाली तू लिहिलं होतंस, की बागकामाने तुझे हात आता फिटर भावाच्या हातांसारखे खरखरीत झाले आहेत. आईने ते चाचपले आणि "जगन, आलास बाबा," म्हणून तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तीस वर्षं साठवलेलं सगळं तिने त्या आशीर्वादात ओतलं. तू दबक्या आवाजात "हो आई" म्हणालास, आणि पळालास. आवाज ओळखेल, म्हणून फोनवर येत नाहीस. तिला दिसू लागलं, तर तुझ्या तोंडाकडे पाहताच जगन दुसऱ्यांदा जाईल, ही तुला भीती. आणि शेवटी प्रार्थनेच्या जागी: "आई, ताई तुला हे रोजच्यासारखं वाचून दाखवील. ऐकून माझा राग आला नाही, तर मला बोलाव. तू बोलावल्याशिवाय यायचं तोंड नाही मला."

चहानंतर मी ते आईला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत, आवाज न बदलता. निदान तसा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मला तर त्याच संध्याकाळी कळलं. तूच नाही का सांगितलंस? तो आपल्या तोंडाने सांगेल म्हणून थांबले मी." मग कपाची कड चाचपत म्हणाली, "जगनचं होतं ते जगनला पोचलं. कुंदनचं वेगळं ठेवलंय, त्याला सांग. त्या इसहाकाकडे एकच आशीर्वाद होता. मी काय बाप आहे?" आणि नंतर, "वीस तारीख म्हणालीस ना? मग एकोणीसला येऊ दे. जेवायला."

हे बोलावणं तिचं आहे, माझं नाही, हे तुला लेखी कळावं म्हणून हे पत्र उद्या कुरिअरने पाठवते आहे. कालचा एकही शब्द खोडलेला नाही. तुझी भीती खरी असली तरी दहा महिने तू आला नाहीस हेही खरंच आहे, आणि चारशे लोकांना जे लिहिलंस ते दार वाजवून एकीला सांगता आलं असतं. माझा राग गेलेला नाही. पहिलं विधानही कायम आहे: तू माझ्यावर विसंबलास. फक्त एक निरोप पोहोचवण्यापुरता विसंबलास, आणि तेवढंही मी केलं नाही.

कबुली: ऑगस्टपासून आई रोज सकाळी विचारायची, "कुंदनचं आलं का गं?" मी रोज सांगितलं, "नाही आलं." ते रोज येत होतं. ही चूक माझी आहे.

तुझीच ताई,
चंद्रावती