बोडीच्या मातीचा घास

१७ नोव्हेंबर १९५८, तळेझरी

छोट्या गाडीने अर्जुनीला उतरलो आणि तिथून जागेश्वरच्या बैलगाडीत धक्के खात इथवर आलो. मी, प्रेमिला आणि भोजराज. बांध्यांत धान पिवळे पडले आहे, कापणी अर्ध्यावर आहे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून गाव दिसले तेव्हा मला उगीचच गाणे म्हणावेसे वाटले. एवढ्या शिकून बाया करतात तरी काय, असे जागेश्वरने वाटेत विचारले. मी म्हणाले, गावाचा इतिहास लिहितात. त्याने बैलाची शेपटी पिळली आणि त्यालाच सांगितले, "चाल बा, तुयाही लिवतीन."

राजे-रजवाडे पुरे झाले, आता एका साध्या गावाचा इतिहास तिघांनी मिळून उभा करा, असे कॉलेजच्या सरांनी बजावले आहे. भोजराज वस्तीचा नकाशा काढणार, प्रेमिला जमिनीची वहिवाट विचारणार आणि मी बायांकडून कुळे व नाती. रोज जेवताना मेळ घालायचा, म्हणजे एकाने जमवलेले मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ते पडताळायचे. आजवर वर्गात नुसती टिपणे उतरवली. आमच्या घरात मॅट्रिकपुढे गेलेली मी पहिलीच. तुमसरच्या खाणीतली पाळी चुकवून बाबा मला गाडीवर बसवायला आले होते. हे काम मी नीट करणार.

आम्ही दोघी धुरपताबाईंच्या घरी राहतो. म्हातारी एकटीच आहे, तोंडाने फटकळ. भोजराज शाळेत झोपतो आणि जेवायला इकडे येतो. नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीची डाळ होती. पोटभर जेवलो.

२० नोव्हेंबर

पूर्वेकडची घरांची ओळ ओसाड आहे. नुसती जोती उरली आहेत आणि त्यांत रानतुळस माजली आहे. चाळीस वर्षांपूर्वी मानमोडीच्या साथीत ही घरेच्या घरे बसली. पण त्यांत कोण गेले ते कोणी सांगत नाही. मी विचारले की बाया सूप घेऊन उठतात. धुरपताबाई म्हणाल्या, "जित्ते सोडून मुडदे कायले मोजता वो?"

तरी आम्ही वाट काढली. आपल्या घरचे कोणी सांगत नाही, पण शेजारच्या घरचे अर्धेमुर्धे सांगतात. एक बाई नाते सांगते, दुसरी नुसते नाव, आणि कोणाचे जोते कुठले ते भोजराजच्या नकाशावर सापडते. तिघांचे जुळवले की पुरा माणूस उभा राहतो. एकट्याला हे कधीच जमले नसते. सर खूश होतील.

२१ नोव्हेंबर

आज दुपारी पहिला पुरा मेळ झाला. ओसरीवर पत्रावळी मांडल्या होत्या, भात वाढला होता. भोजराज एकेक नाव मोठ्याने वाचत होता आणि आम्ही दोघी ते परत म्हणून पक्के करत होतो. धुरपताबाई डाळ घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. पान वाढून त्यांची नावे काऊन घेता, असे त्यांनी विचारले. आवाज नेहमीचा नव्हता.

मग त्यांनी सांगितले ते लिहून ठेवते. साथीत मुडदे उचलायला माणसे उरली नव्हती, मग रांधायला कोण? गेलेल्यांना बोडीकाठच्या खड्ड्यात टाकले. मेलेल्याला भुकेला पाठवू नये, म्हणून प्रत्येकाच्या तोंडात बोडीच्या चिखलाचा गोळा कोंबला आणि सांगितले, हेच तुझे जेवण, पुन्हा मागायला येऊ नको. आणि नाव मिटले. भरल्या पानावर ते नाव घेणे म्हणजे जेवायला बोलावणे.

ऐकून शिसारी आली. पण किती मोलाची माहिती. भोजराजने, अतिथींना जागा करा, असे म्हणून सरकून दाखवले आणि आणखी भात मागितला. धुरपताबाई हसल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर

सकाळच्या भाताला बोडीचा वास होता. मला वाटले, पाण्याचा असेल. दुपारी पहिला घास चावला आणि तो दातांखाली लगद्यासारखा पसरला. पत्रावळीतला भात पांढराशुभ्र होता. तोंडातून बाहेर काढला तो काळा चिखल. त्यात गोगलगायीच्या शंखाचा चुरा होता आणि एक लांब केस. केस ओढत गेले तर तो घशातून येत राहिला.

सर्वांत किळसवाणे हे की चिखल गार नव्हता. कोणीतरी बराच वेळ तोंडात धरून ठेवल्यासारखा कोमट होता.

प्रेमिलाचेही तेच. भोजराज विहिरीशी बसून काथ्याने जीभ घासत होता.

२३ नोव्हेंबर

धुरपताबाईंनी पेज केली, गूळ दिला, सिंगाडे उकडून दिले. ओठाच्या आत गेले की चिखल. आणि पानात उरते त्याला चव नसते, कोणीतरी चोखून परत ठेवल्यासारखे. मांजरसुद्धा तोंड लावत नाही.

धुरपताबाई म्हणाल्या, "तुमचा घास त्यायच्या तोंडात जाऊन राहिला, अन् त्यायचा तुमच्या."

मी त्यांना म्हणाले की पाण्यात काही दोष असेल, डॉक्टर आणू. भोजराज जागेश्वरच्या गाडीने अर्जुनीला निघाला. गाडीतून हात हलवला. ओठांच्या कडा काळ्या होत्या.

२४ नोव्हेंबर

जागेश्वर एकटाच परत आला. स्टेशनाजवळच्या हॉटेलात भोजराजने पुरी मागवली. इथे तरी चव येईल, म्हणाला. एकच तुकडा खाल्ला आणि वाकला. लोकांनी तोंडात बोटे घालून चिखल काढला. जितका काढला तितका आतून आला. मग श्वास—

जागेश्वर माझ्याकडे न बघता सांगत होता. आम्हा दोघींना गाडीत घ्यायला त्याने नकार दिला.

भोजराजची आई साकोलीला आहे. तिला कोण कळवणार?

२५ नोव्हेंबर

प्रेमिलाचे पोट माठासारखे कडक झाले आहे. दाबले की तोंडातून काळे पाणी गळते, त्यात जळवा वळवळतात. मी फडक्याने पुसते आणि मलाच ओकारी येते. येते तो चिखलच. माझे पोट अजून मऊ आहे. ती मात्र उद्याचा दिवस काढणार नाही.

धुरपताबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवून बसवले. मग म्हणाल्या की उपाय आहे. एकीने साऱ्यांना आपल्या पानावर बोलवावे, दुसरी सुटते. आणि मग त्या एकीचे काय, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

जमवण्याचा हट्ट माझा होता. नावे मीच काढून घेतली बायांकडून.

२६ नोव्हेंबर

सकाळी एक पान मांडले. सगळी नावे पुन्हा घेतली आणि म्हणाले, माझ्याकडे या, प्रेमिलाला सोडा.

प्रेमिला भात जेवली. दोन घास, पांढरे, स्वच्छ. तिने मला तोंड उघडून दाखवले. आम्ही दोघी रडलो.

मग माझे सुरू झाले. आता खायलाही लागत नाही. नुसती लाळ गिळली तरी—

ते सगळे एकदम जेवतात. माझ्या तोंडात त्यांच्या जिभा फिरतात. कोमट, बुळबुळीत. हिरड्या चाटतात.

२७ नोव्हेंबर

धुरपताबाई मला नावाने, शामकला म्हणून, हाक मारत नाहीत. प्रेमिलाला सांगतात, "तिले पानी देऊन ये." तिले.

दाराला बाहेरून कडी आहे. गावातल्या बाया ओसरीवर बसल्या आहेत. भिंतीआडून ऐकू येते. सारे आता एकाच तोंडात आले, ते एक तोंड मिटले की सारे मिटतात. प्रेमिला नाही म्हणाली. पुष्कळदा म्हणाली. धुरपताबाई समजावत आहेत, जिने सुटून भाताचा घास घेतला तिनेच चिखलाचा द्यावा, नाहीतर ते तुझ्याच पानावर परत येतील. तुया मायले कोण सांगन मंग?

पावले बोडीकडे गेली. त्यांत प्रेमिलाचीही होती.

२७, दुपार

बोडीकडून आल्या. पायांचा ओला आवाज.

लाज वाटते लिहायला. चिखलाचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटले. माझ्या की त्यांच्या—

कडी निघाली. प्रेमिला आहे. रडते आहे. पदराखाली हात कोपरापर्यंत काळा. शामकला, म्हणाली, तोंड उघड, लवकर होईल, मी—

दुसऱ्या हाताने तिने माझी हनुवटी धरली. मी तिला सांगणार होते की थांब, बाबांना एक ओळ