शांतीला वळण लावणे

११ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कारण, शांतीचं ट्रेनिंग. लिहून ठेवलं नाही तर पुढं कुणाला पटणार नाही.

शांती म्हणजे आमची साळुंकी. गेल्या मे महिन्यात एसीच्या पाइपच्या भोकातलं घरटं सुटलं आणि ही आमच्या बाल्कनीत पडली. अंगावर पीस नव्हतं. मी हाताने घास भरवून वाढवली. माझी बायको अंजना म्हणते घास तिने भरवले, मी मोबाइल धरून व्हिडिओ काढत होतो. पण देखरेख कुणाची होती? रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी लागतं. शिरोलीची फौंड्री आता मुलगा, ऋषभ बघतो. मी घर बघतो.

आज शांतीने नखाजवळचं कातडं ओढून काढलं. रक्त आलं. पक्षी एकमेकांची पिसं साफ करतात, त्यातलाच प्रकार. जीव आहे तिचा माझ्यावर, फक्त किती जोर लावायचा ते कळत नाही. पंधरा दिवसांत वळण लावतो. आयुष्यभर साचे भरणाऱ्या मोल्डर लोकांना वळण लावलं, ही तर मूठभर.

१२ जानेवारी

ट्रेनिंगचा पहिला दिवस. नियम असा की चावली की खंबीर आवाजात ‘नो’ म्हणायचं. इंग्रजीतच, म्हणजे घरातल्या बाकीच्या ‘नाही’शी घोळ होत नाही.

नो म्हटलं. उजव्या कानाला चावली.

परत नो. डावा कान.

दोन्ही बाजूंना सारखंच लक्ष देते, हे विशेष. दुपारनंतर माझे गुडघे आखडले, म्हणून ट्रेनिंग लवकर बंद केलं.

१७ जानेवारी

ट्रेनिंग तात्पुरतं थांबवलंय. आधी अभ्यास, मग कृती.

आहारात दोष नाही. शांती पूर्ण शाकाहारी. भिजवलेली मूगडाळ, पपई, भाकरीचा कुस्करा. सूर्यास्तानंतर घासाला तोंड लावत नाही. मी शिकवलेलं नाही, आपोआप चौविहार पाळते. पूर्वजन्मीचे संस्कार, दुसरं काय. जैन बस्तीत दर्शनाला गेलो तेव्हा हे सांगितलं तर एकजण म्हणाले, सगळीच पाखरं दिवेलागणीला झोपतात. लोकांना दुसऱ्याच्या घरचं चांगलं बघवत नाही.

दुपारी तिच्या चोचीत झुरळ दिसलं. बाहेर नेऊन सोडत असावी. नंतर दिसलं नाही, म्हणजे सोडलं.

२६ जानेवारी

समोरच्या फ्लॅटमधले पारस चहाला आले होते. त्यांना प्रात्यक्षिक दाखवलं. शांतीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माझा खालचा ओठ धरला आणि सोडेना. पापी घेते म्हणून सांगत होतो, पण ओठ तिच्या ताब्यात असल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. पारस अर्धा चहा ठेवून उठले.

जाता जाता विचारत होते, वहिनींना कशी चावत नाही? म्हटलं, चावण्याइतकं महत्त्व देत नाही ती त्यांना. अंजना आतून म्हणाली, बरं बाई. तोवर शांती तिच्या खांद्यावर जाऊन डोळे मिटून बसली होती.

२ फेब्रुवारी

ऋषभ उजळाईवाडीहून जेवायला आला होता. त्याला म्हटलं, थंडीत साच्याच्या वाळूत ओल जास्त राहते, मिक्सरवाल्यावर लक्ष ठेव. तो मोबाइल बघत होता. म्हणाला, पप्पा, तुम्ही निवांत राहा, मी बघतो. चांगल्या मनानेच म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा बरं वाटलं होतं.

माझे हात बघून मात्र गाडीतून फौंड्रीतले चामडी हातमोजे काढून दिले. घालून शांतीला घास भरवायला गेलो. डाळीचा दाणा बोटात धरता येईना. तोवर तिने हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते ती मधली जागा शोधली. हुशार आहे. मनगटाला सूज.

९ फेब्रुवारी

कोल्हापुरात रस्त्यावर कुणी हेल्मेट घालत नाही, मी घरात घालून पेपर वाचतो. काच खाली केली की चष्म्यावर वाफ धरते. वर केली की नाक उघडं पडतं. आज नाक.

कुरिअरवाला आला. दार उघडल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, पावणं, लांब निघालाय काय? म्हटलं, कुठं नाही.

सोफ्यावर बसणं सोडलंय. सोफ्यावर अंजना मालिका बघते आणि तिच्या खांद्यावर शांती असते. मी डायनिंगच्या खुर्चीत. याला माघार म्हणता येणार नाही, ताठ खुर्ची पाठीला चांगली.

१६ फेब्रुवारी

अंजना इचलकरंजीला गेली. भाचीचा साखरपुडा आहे, थोडे दिवस राहील. मलाही बोलावलं होतं. म्हटलं, शांतीकडे कोण बघणार? ट्रेनिंगला याहून चांगली वेळ मिळणार नाही. घरात डिस्टर्बन्स नाही.

१८ फेब्रुवारी

काल चावली नाही. आज चावली नाही. दुपारी आपण होऊन माझ्या खांद्यावर येऊन बसली. नुसती बसली. हेल्मेट काढून फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘ट्रेनिंग सक्सेसफुल’. ऋषभचा अंगठा आला. अंजनाने विचारलं, पपई खाते का?

यावर एक पुस्तिका काढावी असा विचार आहे.

१९ फेब्रुवारी

शांती दाराच्या कडीवर बसून आहे. पपई तशीच. लिफ्टचं दार वाजलं की मान ताठ करते, मग परत खाली.

भात मीही तसाच ठेवला. भूक नव्हती. मधुमेहात कमी खाल्लेलं बरं. हा फ्लॅट घेताना इतक्या खोल्या कशाला घेतल्या कळत नाही. लिफ्ट वाजली की मी पण बघतो. कुरिअर यायचं होतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

अंजना आली. दार उघडायच्या आत शांती ओरडायला लागली. मग तिच्या अंबाड्यावर बसून पिसं फुलवून मान वरखाली, गाणं काय, गिरक्या काय. पपईचा तुकडा आणून तिच्या ओठाला लावत होती. सकाळपासून ज्या पपईला शिवली नव्हती ती.

मी अंजनाच्या हातातली पिशवी घ्यायला पुढं झालो. कानाची पाळी. रक्त थांबेना. अंजनाने हळद दाबून धरली आणि म्हणाली, “तुम्ही माझ्याजवळ आला की चावतीया बघा ती. लांब असला की गप असती.”

योगायोग म्हटलं.

२१ फेब्रुवारी

राजारामपुरीतल्याच डॉक्टर शबनम यांच्याकडे गेलो. जनावरांच्या डॉक्टर, पण पाखरांचं त्यांना विशेष कळतं म्हणतात. मी ट्रेनिंगची सगळी पद्धत सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, की चावते कुणाला, आणि तेव्हा जवळ कोण असतं. सांगितलं. त्यांनी माझा कान तपासला.

“काका, पिल्लू माणसाच्या हातावर वाढलं की ते स्वतःला माणूसच समजतं. आता जोडी करायच्या वयात आलंय. काकूंना त्यानं आपलं मानलंय. तुम्ही मधे येताय.”

म्हणजे शांती नर आहे का, असं विचारलं. दिसण्यावरून सांगता येत नाही म्हणाल्या, पण वागणं तसंच आहे. शिवाय रानपाखरू घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, ते वेगळंच.

मी मधे येतोय. माझ्या घरात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी कधी मधे आलो नाही. मी शिरोलीला होतो.

सेकंड ओपिनियन घेणार.

घरी येऊन अंजनाला सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतकी कधी हसली होती आठवत नाही. मलाही हसू आलं, पण लगेच कान दुखला.

२८ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली. शांती खाली मोबाइलच्या दुकानात गेली आणि एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसली. तिला काय, सगळी माणसं घरचीच. तो माणूस किंचाळला. दुकानदाराने शटरचा रॉड उचलून फिरवला. दोन बोटांनी हुकला. पाखरू पिसाळलंय, असं तो सगळ्यांना सांगत होता. अंजना अनवाणी जिना उतरली आणि पदरात धरून घेऊन आली. मी तिच्या हातातून शांतीला घेतलं. चावली असावी. वर आल्यावर रक्त दिसलं.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, “चावण्याचं सोडा काका. ती माणसाला भीत नाही, त्यापायी मरेल. सगळी माणसं तुमच्यासारखी नसतात.”

मग उपाय सांगितला. गच्चीवर सोडायचं. तिथं बाकीच्या साळुंक्या येतातच. खायला-प्यायला ठेवायचं, पण काकूंनी तिच्या नजरेस पडायचं नाही. आणि माणसाची भीती घालायची. ते काम तुमचं, म्हणाल्या. म्हटलं, मॅडम, मी मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकतो. तर म्हणाल्या, मारायचं नाही, जवळ आली की ताट वाजवायचं.

म्हणजे तिला माझ्यापासून लांब पळायला मीच शिकवायचं. हेही एक ट्रेनिंगच.

३ मार्च

गच्चीवर. स्टीलचं ताट, मोठा चमचा. शांती पाण्याच्या टाकीवर. जवळ आली. वाजवलं. ती ताटाच्या काठावर बसून चमचा टोचायला लागली. मग माझा अंगठा.

ताट जाड आहे, आवाज बसका येतो. पातळ बघायला हवं.

५ मार्च

अंजनाला सक्त सांगितलं होतं, वर येऊ नको. म्हणाली, “मी जिन्यातच थांबतो.” दाराच्या फटीतून सगळं बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “जोरात वाजवा की. आशानं कोण भ्यायचं?” म्हटलं, खांदा धरलाय. तिने फटीतून हात काढून ताट मागितलं. दिलं. ताट न वाजताच परत आलं.

“मला न्हाई जमायचं. तुम्ही करा,” म्हणाली. नाक ओढलं तिने. जिन्यात गारठा असतो.

९ मार्च

आज केलं. शांती हातावर बसायला आली आणि मी तिच्या तोंडासमोर ताट बडवलं. ओरडलोसुद्धा. भट्टी सुरू असताना फौंड्रीच्या पार टोकापर्यंत जायचा तो आवाज. अजून आहे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या.

ती तारेवर जाऊन बसली. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली. मग परत आली. तिला वाटलं असेल, चुकून झालं. परत बडवलं. तिसऱ्यांदा निम्म्या वाटेवरून वळली आणि टाकीमागं जाऊन बसली. दिसेना.

खाली येऊन तोंड धुतलं. गच्चीत धूळ फार आहे. अंजना जेवताना माझ्या शेजारी बसली. कुणी चावलं नाही.

१४ मार्च, सकाळ

शांती आज दुसऱ्या साळुंक्यांबरोबर समोरच्या क्लासच्या पत्र्यावर होती. एकीशी भांडली, एकीबरोबर किडे टिपले. किडेच होते, काय करणार. संध्याकाळपर्यंत परत येईल. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

१४ मार्च, संध्याकाळ

दिवे लागले. आली नाही.

१५ मार्च

नाही.

२४ मार्च

रोज सकाळी गच्चीवर कुस्करा टाकतो. सात-आठ साळुंक्या येतात. कुठली आपली कळत नाही. सगळ्यांची चोच पिवळी, सगळ्यांच्या डोळ्यांमागं पिवळा डाग, सगळ्यांची चाल तोऱ्यातली. माझ्या हातावर वाढलेली मला ओळखू येत नाही, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

म्हणून आज उपाय केला. ताट घेतलं नाही, हातमोजे नाहीत, हेल्मेट नाही. फरशीवर बसलो आणि बोट पुढं धरलं. जी चावेल ती शांती.

थोड्या वेळाने अंजना आली. आता तिने लपण्यात अर्थ नव्हता. शेजारी बसली. तिनेही बोट पुढं धरलं.

बऱ्याच वेळाने एक जरा जवळ आली. मान वाकडी केली. अंजना हळूच म्हणाली, “हीच हाय न्हवं?”

मी बोट थोडं पुढं सरकवलं. सगळ्या एकदम उडाल्या. तीही.

चांगली भ्यायला शिकलीय. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो, मग अंजना कुस्करा आवरायला लागली तर म्हटलं, राहू दे.