देवेशाक सांग

खालचीवाडी, ता. मालवण
६ नोव्हेंबर २०२४

चि. देवेश,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचे की नाही ते तुझं तू बघ. मोठी बहीण आहे, लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

पत्ता दीपेशने दिला. त्याच्यावर डाफरू नकोस. कुडाळला त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले होते, तिथे ठाण मांडून बसले आणि पत्ता दिल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. गिऱ्हाईकं बघायला लागली तेव्हा बिचाऱ्याने दिला. दोन वर्षांत तू बेंगळुरूत तीन घरं बदललीस म्हणे. फोन नंबर बदललास तो वेगळाच. असो.

इकडे सगळे ठीक. आई तशीच, गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर तीही. माझी ग्रामपंचायतीतली नोकरी चालू आहे. दिवसभर लोकांचे दाखले काढते. बाबा बरे आहेत. म्हणजे आहेत तसे आहेत.

पत्र लिहायचं कारण वेगळं. तू बाबांसाठी केलेला तो लॅपटॉप गेला. खाऱ्या हवेने आतून सगळा हिरवा पडला होता, दीपेशने उघडून दाखवला. मी नवा घेतला. तुझा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर होता म्हणून मला वाटलं, त्यात काय, टाकला की चालू होईल. पण त्यात तू लिहिलेलं मूळच तेवढं आहे, चालणारी वस्तू नाही. ती कंपायलरकडून करून घ्यावी लागते, हे मला दीपेशने सांगितलं आणि वर हसला.

मग मी बसले. आधी नुसतं कंपायलरचं नाव आणि तुझ्या फाइलचं नाव टाकलं. पडदाभर लाल ओळी. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं की आवाजासाठीची लायब्ररी त्याच ओळीत शेवटी जोडून द्यायची असते. ती जोडली आणि झालं. बाबांनी तुझ्या मायक्रोफोनमध्ये बोलून ठेवलेली अक्षरं परत त्यांच्याच आवाजात घरात ऐकू आली. आई चुलीपुढून उठून आली.

पण अक्षरं थांबतच नाहीत. क, ख, ग असं पळत सुटतं. हव्या त्या अक्षरावर बाबांनी बोटाने बटण दाबायच्या आत ओळ संपलेली असते. मग मी तुझी फाइल उघडून वाचली. समजलं काहीच नाही, पण एक जागा सापडली. अक्षर किती वेळ थांबायचं, तो आकडा बाहेरून दिला तर तो घे, नाही दिला तर सातशे मिलिसेकंद धर, असं तू आत लिहून ठेवलंयस. म्हणजे मासे तेच, पण तिखट किती ते चुलीवर ठेवताना सांगायचं. आणि ते तू प्रत्येक वेळी कंपायलरला त्या ओळीतच सांगायचास, बाबांच्या बोटाकडे बघून. कुठे लिहून ठेवलं नाहीस. तुला पाठच असायचं ना सगळं.

मी हजार टाकून बघितलं, दीड हजार टाकून बघितलं. जमत नाही. तू बरोबर आकडा सांग. त्याच्याबरोबर आणखी काय काय टाकायचास तेही सांग.

हे सगळं तुझ्यासाठीसुद्धा आहे, म्हणून लिहिते. लॅपटॉप बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी बटण दाबून दोन शब्द लिहिले होते. हल्ली एका बैठकीत दोनच शब्द होतात, मग दमतात. ते शब्द होते, ‘देवेशाक सांग’. मी म्हटलं, काय सांगू? त्यांनी डोळे मिटले. म्हटलं, उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही.

तेव्हा आकडा पाठव. बाकी माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस.

विनीताताई


खालचीवाडी
४ डिसेंबर २०२४

चि. देवेश,

तुझी ई-मेल मिळाली. ‘कशी आहेस’ नाही, ‘बाबा कसे’ नाही. नुसती एक ओळ:

gcc -O2 -Wall -DTHAMB=2500 bol.c -o bol -lasound

दोन वर्षांनी भावाचं आलेलं पत्र हे असं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरो आसा म्हणता काय?” मी म्हटलं, हो, बरा आहे म्हणतो.

उत्तर कागदावरच लिहिते आहे. ई-मेल तू अर्धी वाचून बंद करशील. कागद निदान टेबलावर पडून राहतो.

तुझी ओळ जशीच्या तशी टाकली. त्यातल्या एका पर्यायाने पडदा इशाऱ्यांनी भरून गेला. हे वापरलंच नाहीस, ते अर्धवट सोडलंयस, इथे पुढे त्रास होईल. मी घाबरून दीपेशला फोन केला. तो म्हणाला, इशारे आहेत, चुका नाहीत, प्रोग्रॅम बनतो. आणि खरंच बनला. एवढं सगळं सांगूनही तो कंपायलर काम थांबवत नाही, याचं मला नवल वाटलं.

आता अक्षरं शांतपणे येतात. एकेक अक्षर अडीच सेकंद उजळतं. पण बाबांना अजून साधत नाही. बोट थोडं सावकाश झालंय, एवढंच. परवा एकदा बटण दाबलं गेलं आणि ‘म’ उमटला. आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग ती मला बोलवायला आली. त्यापुढे काही आलं नाही. तू आकडा वाढवून पाठव. मी वाढवते तो अंदाजाने वाढवते, तुला बाबांचा हात माहीत आहे.

परवा जत्रा झाली. देवापुढे गाऱ्हाणं दाजीकाकांनी घातलं. ते सांगायला नको होतं कदाचित, पण न सांगणं म्हणजे तुझ्यासारखं करणं झालं.

देवेश, दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेबद्दल आपण कधी बोललोच नाही. आजारात बाबांचा आवाज गेला तेव्हा गाऱ्हाण्याचा मान तुझ्याकडे येत होता. तू म्हणालास, मान बाबांचा आहे, आवाजही बाबांचाच लागेल. बाबांचं गाऱ्हाणं तू आधीच त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं होतंस. प्रत्येक वाक्यानंतर प्रोग्रॅम थांबणार, लोक ‘होय म्हाराजा’ म्हणणार, मग पुढचं वाक्य. घरात आपण दहादा करून बघितलं, मी आणि आई लोक झालो होतो. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

आणि त्या दिवशी सकाळी तू आवाज जरा मोठा करायला म्हणून प्रोग्रॅम पुन्हा बनवलास आणि घाईत थांबायचा आकडा टाकायचा राहिला. कंपायलर काही बोलला नाही. त्याच्या लेखी चूक नव्हतीच. त्याने सातशे धरलं.

देवळात ‘बा देवा म्हाराजा’ झालं आणि लोकांनी ‘होय’ म्हणेपर्यंत बाबांचा आवाज पुढच्या वाक्यात होता, त्याच्यापुढच्या वाक्यात होता. लोक मागे धावत होते. मग कोणीतरी म्हणालं, “मशीनाक घाई झाली दिसता.” आणि सगळी हसली. बाबा खुर्चीत होते. त्यांना मान खालीसुद्धा घालता येत नव्हती.

घरी येऊन त्यांनी ‘ह्या घेवन जा’ एवढं लिहिलं. तू मशीन ठेवलंस, त्यात नीट आकडा घालून दिलास आणि स्वतः गेलास. बाबा मशीनबद्दल बोलत होते रे. तुझ्याबद्दल नाही. असं मला वाटतं. बाबांना विचारलं नाही, तेव्हा विचारता आलं असतं तरी.

म्हणून ते ‘देवेशाक सांग’ पुरं व्हायला हवं. मला काय वाटतं त्याला किंमत नाही. त्यांच्याकडून यायला हवं.

मोठा आकडा पाठव.

ताई


खालचीवाडी
२१ जानेवारी २०२५

प्रिय देवेश,

तुझ्या सगळ्या ई-मेल मिळाल्या. आधी सहा हजार, मग दहा हजार, मग वीस. शेवटच्या ई-मेलमध्ये तू पहिल्यांदा ‘ताई’ लिहिलंस. ते मी आईला दाखवलं. वाचून नाही, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

वीस हजारही टाकून बघितलं. एक अक्षर वीस सेकंद. क आला की आई तांदूळ निवडायला घेते आणि ख यायच्या आत मूठभर निवडून होतात. आम्ही दोघी बाबांच्या उजव्या हाताकडे बघत बसतो. मग मी परत कंपायलर लावते, आणखी आकडा वाढवते. दीपेश म्हणाला, आता पुरे कर विनीता. मी त्याला वाटेल ते बोलले. त्याची माफी मागायची आहे अजून.

तू लिहिलंस की नवा प्रोग्रॅम करतोस, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा, कॅमेरा पाठवतोस, दोन आठवडे दे. करू नकोस. मी तुला नीट सांगितलं नाही, म्हणून तू हे सगळं करतो आहेस.

बाबांचं बोट हलत नाही. सावकाश झालंय असं मी लिहिलं ते खरं नव्हतं. ‘देवेशाक सांग’ लिहिल्यानंतर ते हललंच नाही. लॅपटॉप गेला म्हणून बोलणं थांबलं असं मी धरून चालले, कारण लॅपटॉप बदलता येत होता. ‘म’ उमटला तो आईने त्यांचा हात उशीवर नीट ठेवला तेव्हा. माझ्यासमोर झालं. तिने साखर ठेवली आणि मी काही बोलले नाही. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच मला दिसत होतं, पण तुझ्याकडून आकडा येईपर्यंत आशा धरता येत होती, म्हणून मी आकडे मागत राहिले. तूही पाठवत राहिलास. मला वाटतं तुलाही थोडं कळलं असणार. वीस हजार कोणी उगाच लिहीत नाही.

डोळ्यांचंही करून पाहिलं. अक्षरांचा तक्ता धरला, हो असेल तर पापणी मिट असं सांगितलं. पापण्या आता आपल्या आपण अर्ध्या खाली येतात आणि तशाच राहतात. आम्ही त्यांना गोव्याला नेऊन आणलं. तिथले डॉक्टर भले होते, घाईने बोलले नाहीत. म्हणाले, बोटासारखंच पापण्यांचंही झालंय, ते परत यायचं नाही. ऐकू येतं, कळतं, सगळं कळतं. फक्त बाहेर काही येणार नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, “गो, फुडला तूच लिव. तेका खंय कळतला कोणी लिवला ता?”

म्हणजे ‘देवेशाक सांग’च्या पुढचं मीच लिहायचं, तुला माफ केलं, ये घरी, असं काहीतरी. बाबांच्या नावावर. मी बसले लिहायला, देवेश. खोटं नाही सांगत. ‘देवेशाक सांग, तुझा काय चुकला नाय’ इथपर्यंत कागदावर लिहिलं. बाबा समोर होते. मग वाटलं, यांना तेच म्हणायचं असेल तर मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेते आहे. आणि म्हणायचं नसेल तर त्यांना नाही म्हणता येत नाही. कागद फाडला. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

तेव्हा तुला द्यायला माझ्याकडे तेवढे दोनच शब्द आहेत. पुढचं येणार नाही. शिवी असेल, आशीर्वाद असेल, कदाचित नुसतं ‘आंबे मोहोरले’ असं सांगायचं असेल, त्यांना तसलं काहीही कळवायची सवय होती. मला ते माहीत नाही आणि आता कोणालाच कळायचं नाही. हे असं लिहून टाकणं वाईट आहे, पण तू अंदाज करत राहावंस आणि दर अंदाजाला मला आणखी एक ओळ पाठवावीस, हे त्याहून वाईट.

काल दाजीकाका आले होते. सवयीने त्यांनी विचारलं, “बरो आसस मां?” आणि बाबांकडे बघत उत्तराची वाट पाहत उभे राहिले. आता पापणीनेही उत्तर येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. बाबांच्या कपाळावर घाम येत गेला, मग मानेवर आला. सगळं अंग आतून जोर लावत होतं आणि वरून काहीच हललं नाही. मी काकांना हाताला धरून बाहेर नेलं.

यायचं असेल तर ये. ये असं मी म्हणते आहे, बाबा म्हणतात की नाही ते मला माहीत नाही. आलास तर कॅमेरा आणू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि तुला जे बोलायचं ते बोल, त्या जत्रेचंही बोल. ते सगळं ऐकतील. फक्त एक सांभाळ. त्यांना काही विचारू नकोस. ‘रागावलात काय’ असं तर मुळीच नको. तुझ्या तोंडून प्रश्न आला की ते उत्तर द्यायला जातील.

या पत्राचं उत्तर पाठवू नकोस.

ताई